देवळाच्या छपराला चिंच लावू नका

प्रश्न : घोडबंदर रस्त्यावर आमच्या सोसायटीच्या आवारात देवीचं छोटं देऊळ आहे. २०१४ साली वर्गणी काढून त्याच्या उतरत्या छपराला तांब्याचा पत्रा बसवला. पहिल्या वर्षी नुसतं झळकायचं. आता काळपट तपकिरी पडलंय, वळचणीकडे हिरवे पट्टे आलेत आणि एका बाजूने तांबूस ओघळ उतरलेत. नवरात्राआधी ॲसिडने धुऊन वर लॅकर मारून देतो, असं एका कंत्राटदाराने सांगितलंय. कमिटीत दोन तट पडलेत. सासूबाई म्हणतात, देवाची उपकरणी आपण रोज चिंचेने घासतो, मग देवाचं छप्परच पारोसं का ठेवायचं? सात फोटो सोबत पाठवतेय. काका, काय करावं?
— एक वाचक, ओवळा, ठाणे

उत्तर : ताई, आधी सासूबाईंना उत्तर देतो. त्यांचा प्रश्न रास्त आहे, आणि माझ्या आईनेही मला तो एकदा विचारला होता.

आमचं घर तांबटांचं. आजोबा हंडे-घागरी ठोकायचे, वडिलांनी वागळे इस्टेटमध्ये पत्र्याच्या कामाचा गाळा घेतला, आणि मी १९९३ पासून छपरं, पन्हळी आणि देवळांची मढवणी करतो. आईने विचारलं तेव्हा मी माळ्यावरून आजीची जुनी घागर खाली काढली आणि खिडकीतल्या उजेडासमोर धरून तिला आत डोकावायला सांगितलं. तळाजवळ सुईच्या टोकाएवढे सहा-सात उजेडाचे ठिपके दिसत होते. गळ्याचा काठ होता तसाच जाड, पोट मात्र बोटाने दाबलं तर लवत होतं. ती भोकं गंजाची नव्हती. साठ वर्षं रोज हात फिरला तो चिंचेचा आणि राखेचा, त्याची होती. चिंच तांब्यावरचा थर विरघळवते, म्हणजे थोडं तांबंच घेऊन जाते. ताम्हण झिजलं तर आपण दुसरं आणतो, घागर मोडीत देतो. छपराचा पत्रा बावीस गेजचा, म्हणजे जेमतेम पाऊण मिलिमीटरही नाही, आणि त्याने आपल्या नातवंडांच्या डोक्यावर राहावं अशी आपली अपेक्षा असते.

आता तो काळपटपणा. त्याला मळ म्हणू नका. नवा पत्रा हवेतला ऑक्सिजन घेतो आणि पहिल्या पावसाळ्यातच तपकिरी, जांभळट, ठिगळठिगळांचा होतो. याच वेळी लोक घाबरून फोन करतात. पुढे तो सगळीकडे चॉकलेटी होतो, मग काळसर. त्यावर हळूहळू हिरवा थर चढतो. आपल्याकडे कारखान्यांच्या आणि गाड्यांच्या धुरातलं गंधक आहे, खाडीवरून येणारं मीठ आहे, वर चार महिने संततधार. त्यामुळे हिरवा रंग लवकर येतो. कोरड्या, स्वच्छ हवेच्या गावात त्याला वीस-तीस वर्षंही लागतात. द्राक्षवाल्यांचं मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, तुम्हाला माहीत असेल. छपरावरचा हिरवा थर त्याच्याच कुळातला, फक्त पाण्यात सहसा न विरघळणारा. जिथे पाणी जास्त वेळ थांबतं तिथे तो आधी दिसतो, म्हणून तुमचे पट्टे वळचणीकडे आहेत. उभ्या भागावरून पाणी झटकन उतरतं, तो भाग वर्षानुवर्षं तपकिरीच राहील. दोन रंग दिसले म्हणून पत्रा दोन जातींचा निघाला असं कुणी कमिटीत म्हणालं, तर त्यांना हे वाचून दाखवा.

लोखंडाचा गंज खपली होऊन गळतो, खाली नवं लोखंड उघडं पडतं आणि ते पुन्हा गंजतं. तांब्याचा थर पत्र्याला घट्ट धरून बसतो. तो एकदा धरला की खाऱ्या हवेतही पत्रा वर्षाला मिलिमीटरचा एक-दोन हजारावा भाग, एवढाच झिजतो. तो थर म्हणजे पत्र्याचं कातडं. दहा वर्षं घालवून त्याने ते मिळवलंय आणि आपण ते पैसे मोजून सोलायला निघालोय!

आपल्या मनात हिरव्या कळंकाची भीती बसलेली आहे, तीही मी समजू शकतो. बिनकल्हईच्या भांड्यात ताक कळकतं, ते पोटात गेलं तर उलट्या होतात. लहानपणी हे प्रत्येकाने ऐकलंय आणि ते खरंच आहे. पण छपरात आपण ताक विरजत नाही.

ॲसिडबद्दल मात्र मी हात जोडून सांगतो, करू नका. मोरीच्या फरशा धुतात तेच ॲसिड हे लोक आणतात. छपराचे पत्रे एकमेकांना उभ्या घडीने जोडलेले असतात, कडेला कड गुंडाळून. ॲसिड त्या घडीत शिरतं आणि कितीही पाणी मारलं तरी तिथून धुऊन निघत नाही. वरून छप्पर लखलखीत दिसतं, घडीच्या पोटात ते आपलं काम करत राहतं, आणि दोन-तीन महिन्यांत सांध्यांवर फिकट हिरवी भुकटी फुलते. मीठ-लिंबू, मीठ-व्हिनेगर यांचंही तेच. मिठातला क्लोराइड मागे उरतो.

लॅकरचं असं आहे की कंत्राटदार खोटं बोलत नाही, पहिली दोन वर्षं ते सुरेख दिसतं. पण आपलं मे महिन्याचं ऊन आणि त्यामागून येणारा अडीच हजार मिलिमीटरचा पाऊस कुठलंच लॅकर फार वर्षं सोसत नाही. ते सगळीकडून एकदम जात नाही, एका ओरखड्यापासून सुटू लागतं. पाणी त्याच्याखाली सरकतं आणि तांब्यावर काळ्या अळ्या फिराव्यात तशा रेषा उमटतात. मग पूर्ण लॅकर सॉल्व्हंटने काढा, पुन्हा पॉलिश करा, पुन्हा मारा. प्रत्येक फेरीला पत्रा पातळ, आणि प्रत्येक फेरीला वर्गणी. तुमच्या दुसऱ्या फोटोत गाभाऱ्याची चौकट तांब्याने मढवलेली दिसते. ती छताखाली आहे, तिला लॅकर जरूर मारा, छान टिकेल. समया, घंटा, ताम्हण सासूबाईंनी चिंचेने मनसोक्त घासावेत.

खरी काळजी मला चौथ्या फोटोची वाटते. कमिटी रंगावरून भांडत बसली आणि या फोटोकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. भोंगा लावायला जो लोखंडी कंस ठोकलाय, त्याच्या बुडाशी तांबूस ओघळ सुरू होतो. सहाव्या फोटोत रोषणाईच्या माळा बाइंडिंग वायरने उभ्या घडीला आवळलेल्या आहेत, आणि ती वायर गेल्या नवरात्रापासून तिथेच असावी. लोखंड आणि तांबं एकमेकांना टेकले आणि मध्ये पाणी आलं की ती एक बॅटरी होते. त्यात खर्ची पडतं ते लोखंड. जस्ताचा मुलामा दिलेला स्क्रू असेल तर आधी जस्त जातं, मग लोखंड. अॅल्युमिनियमही तसंच. पितळ, तांबं आणि स्टेनलेस स्टील तांब्याशेजारी सुखाने राहतात.

न्यूयॉर्कच्या बंदरातला तो स्वातंत्र्यदेवीचा पुतळा घ्या. १८८६ साली उभा राहिला, तांब्याचा पत्रा सुमारे २.४ मिलिमीटर, आत लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा. बांधणाऱ्यांना हा धोका ठाऊक होता, म्हणून त्यांनी दोन्हींच्या मध्ये लाखेत भिजवलेल्या ॲसबेस्टॉसचा थर दिला. समुद्राच्या हवेत तो थर गेला. लोखंड गंजून फुगलं आणि त्याने तांब्याचे रिव्हेट उपटून काढले. १९८६ च्या शताब्दीआधी आतल्या लोखंडी पट्ट्या काढून तिथे स्टेनलेस स्टील बसवावं लागलं. हिरवा पडलेला पत्रा मात्र शंभर वर्षांचा तसाच होता, आणि त्याला कुणी घासलं नाही.

हे मी पुस्तकातून नंतर वाचलं. शिकलो ते ठाण्यातल्या चेंदणीत. १९९४ साली तिथल्या एका घरातल्या देवघराच्या घुमटीवर मी पत्रा बसवला. स्वतंत्रपणे घेतलेलं ते माझं दुसरंच काम. पत्रा धरणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या सुताराने लाकडावर ठोकल्या, आणि त्याने कुठले खिळे वापरले हे मी पाहिलं नाही. सहा पावसाळ्यांनंतर वाऱ्यात पत्रा फडफडतो म्हणून बोलावणं आलं. मी घडी उघडली. तांब्याची पट्टी जशीच्या तशी, अगदी माझ्या मोगरीच्या खुणांसकट. तिच्या भोकात खिळ्याच्या डोक्याच्या जागी तपकिरी भुगा होता. फुंकर मारली तर उडून गेला. खाली लाकडात खिळ्याचं शेपूट तेवढं शिल्लक. त्या दिवसापासून माझ्या पिशवीत लोहचुंबक असतो. कामावर आलेला प्रत्येक खिळा आणि स्क्रू मी त्याला लावून पाहतो. जो चिकटतो, तो परत जातो. काही जातींचं स्टेनलेसही थोडं चिकटतं, तेही मी घेत नाही.

तर नवरात्राआधी एवढं करा. भोंग्याचा कंस काढा आणि तो शेजारच्या खांबावर न्या. कंस काढल्यावर राहिलेल्या भोकांवर तांब्याचाच तुकडा बसवून डाख (सोल्डर) मारून घ्या. बाइंडिंग वायर सगळी, तुकडान् तुकडा, वेचून काढा; माळा बांधायच्या तर सुती दोरीने, आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सोडवा. मग सकाळी, पत्रा तापायच्या आत, साध्या पाण्याने छप्पर धुवा. बागेचा पाइप पुरतो. प्रेशर पंप नको, तो पाणी घडीतून उलटं वर ढकलतो. कबुतरांची घाण सुकी खरवडू नका, ती पत्र्याला ओरखडते. ओलं फडकं पंधरा मिनिटं ठेवा, मऊ झाली की पुसून घ्या. चिकट काजळी असेल तर बादलीभर पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब आणि मऊ कुंचा, की पुन्हा भरपूर पाणी. लोखंडी काथ्या अजिबात नको, त्याचे कण पत्र्यात रुततात आणि पुढच्या पावसात प्रत्येक कण एक तांबडा ठिपका होतो. छपरावर चढणाऱ्याने गोणपाटावर फळी टाकून तिच्यावरूनच चालायचं, कमरेला पट्टा बांधून, आणि उभ्या घडीवर पाय द्यायचा नाही. चेपलेली घडी पुन्हा उभी राहत नाही, तिथूनच पाणी येतं.

पन्हळ वर्षातून दोनदा रिकामी करायची : मेअखेर आणि दसऱ्याच्या सुमारास. ओवळ्याला येऊरचं जंगल पाठीशी आहे, पानांचा खच पडतो. तांब्यावर शेवाळ धरत नाही, पण पन्हळीत कुजणारा ओला पाला महिनोन् महिने पत्र्याला आंबट पाण्यात ठेवतो. आणि पत्रा जिथे भिंतीला टेकतो ती रेघ बोटाने चाचपून पाहा. तिथे पिंपळाचं दोन पानांचं रोप दिसलं तर ते दोन पानांचं असतानाच काढा.

केरळात गेलात तर तिथल्या देवळांची तांब्याची छपरं बघा. काळीभोर असतात, आणि संध्याकाळी दीपमाळा लागल्या की त्या काळ्या पत्र्यावर जो उजेड उतरतो, तो चकचकीत तांब्यावर कधीच उतरणार नाही.

प्रश्न : नेरूळला आमचं रो-हाउस आहे. बाल्कनीवर वास्तुविशारदाने हौसेने तांब्याचा छज्जा दिला. तीन वर्षांत खालच्या पांढऱ्या भिंतीवर निळे-हिरवे ओघळ आलेत, पायऱ्यांच्या संगमरवरावरही डाग पडलेत. भिंत दोनदा रंगवली, ओघळ पुन्हा येतात. तांबं हलक्या प्रतीचं असेल का?
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : तांबं चांगलंच आहे. चूक पत्र्याच्या कडेत आहे. छज्ज्याची पुढची कड सरळ खाली वळवून भिंतीला चिकटवलेली असणार, त्यामुळे पागोळ्या पडायच्या ऐवजी पाणी पत्र्याच्या पाठीवरून मागे सरकतं आणि भिंतीवर चढतं. पावसात एकदा खाली उभं राहून बघा. थेंब कडेवरून सुटतो की कडेखाली पोटाशी धावतो, हे पाच मिनिटांत कळतं. कड बाहेरच्या बाजूला थोडी उचलून द्यायची, म्हणजे थेंब भिंतीपासून चार बोटं लांब सुटेल. त्याहून चांगलं म्हणजे तांब्याचीच छोटी पन्हळ लावून पाणी एका कोपऱ्यात उतरवा. हे झाल्याशिवाय तिसऱ्यांदा रंग काढू नका.

पायऱ्यांवर लिंबू किंवा ॲसिड टाकू नका, संगमरवर खाल्ला जातो. एक भाग नवसागर आणि चार भाग शंखजिऱ्याची पूड घ्या. त्यात अमोनियाचं पाणी घालून थालीपिठाच्या पिठासारखं सैलसर भिजवा. आधी एका कोपऱ्यात लावून पाहा, मग डागावर अर्धा बोट जाड थापा. पूर्ण सुकलं की लाकडी उलथन्याने काढा आणि पाण्याने धुवा. लेप निळा झालेला दिसेल, ते तुमच्या छज्ज्याचं तांबं. दोन-तीन वेळा करावं लागेल. हातमोजे घाला, मोकळ्या हवेत करा, आणि त्या दिवशी ब्लीचिंगची बाटली आसपाससुद्धा ठेवू नका. अमोनिया आणि ब्लीच एकत्र आले की विषारी वायू निघतो. कल्हईवाला तापलेल्या भांड्यात नवसागर टाकायचा आणि पांढरा धूर उठायचा, तो तुम्ही पाहिला असेल. तोच हा नवसागर.

तुम्ही विचारलं नाही तरी एक सांगतो. छज्ज्याखाली अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या असतील तर त्यांच्या खालच्या पट्टीवर नख फिरवून बघा. तांब्यावरून आलेलं पाणी अॅल्युमिनियमवर पडत राहिलं की त्याला बारीक खड्डे पडतात आणि पांढरी पूड धरते. जस्ताच्या पत्र्याची पन्हळही तशीच जाते. या दोघांना तांब्याच्या वर ठेवलं तर चालतं, खाली नाही. अंगाला अंग मात्र वरही लागू द्यायचं नाही.

प्रश्न : आमच्या गच्चीतल्या खोलीचं छप्पर तांब्याचं आहे. त्याचं पावसाचं पाणी साठवून झाडांना घालतो. या वर्षी ते कमळाच्या कुंडात सोडलं, तर आठवड्यात सगळे गप्पी मासे मेले. तांब्याचं पाणी तर आरोग्याला चांगलं म्हणतात ना?
— एक वाचक, सीबीडी बेलापूर

उत्तर : मासे, गोगलगाई आणि पाण्यातले बारीक जीव यांना अगदी थोडं तांबंही मारक असतं. द्राक्षावरच्या बुरशीला बोर्डो मिश्रण मारतं ते मोरचुदातल्या तांब्यामुळेच, आणि छपरावर शेवाळ धरत नाही तेही त्यामुळेच. पिण्याच्या पाण्यात तांब्याची इष्ट मर्यादा आपल्या मानकात लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतात. मासे याहून कितीतरी नाजूक. पहिल्या पावसाचं पाणी सर्वांत जड असतं, उन्हाळाभर पत्र्यावर साठलेले क्षार त्यात उतरतात. ते मुळीच साठवू नका. नंतरचं पाणी मोठ्या झाडांना, आळीपाळीने, दुसऱ्या पाण्यासोबत घाला. कुंडातलं पाणी पूर्ण बदला, तळाचा गाळही काढा, आणि नव्या माशांची घाई करू नका. हे पाणी पिऊ नये, स्वयंपाकालाही नको.

प्रश्न : जुन्या तांब्याच्या छपराला दोन ठिकाणी गळती आहे. नळकाम करणारा म्हणतो, सिलिकॉन भरून टाकू किंवा वर डांबराचा कागद चिकटवू. चालेल का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : डांबराचा कागद नको. उन्हात डांबराचं विघटन होऊन त्यातून आम्ल सुटतं, आणि पावसाच्या पाण्याबरोबर ते खालच्या पत्र्यावर उतरलं की तिथे पत्रा उजळ होऊन खाल्ला जातो. सिलिकॉनच्या नळीचा आधी वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती नळी तांब्यासाठी नाही, तोही आम्लाचाच प्रकार. न्यूट्रल क्युअर लिहिलेली मागा. पण तीही पावसाळा निभावण्यापुरतीच.

आधी गळती घडीत आहे की पत्र्यात, ते बघा. पत्र्यात टाचणीएवढं भोक असेल तर भोवतीचा चार बोटं भाग घासून उघडा करा आणि तांब्याचा तुकडा डाखाने बसवा. घासायला परवानगी आहे ती एवढ्याच जागी. घडीत गळती असेल तर मात्र ती डाखाने किंवा सिलिकॉनने बंद करू नका. तीन मीटरचा पत्रा दुपारच्या उन्हातून एकदम सरीत भिजला आणि चाळीस अंशांनी निवला, तर दोन मिलिमीटर आखडतो. घडी त्याला तेवढं सरकायला जागा देते. ती जाम केलीत तर पत्रा दुसरीकडे फाटेल. घडी उघडून, कड नीट करून, लाकडी मोगरीने पुन्हा मिटवावी लागते, आणि हे काम पत्रेवाल्याचं आहे, नळकामवाल्याचं नाही. ऑक्टोबरपर्यंत थांबा, तोवर खाली बादली ठेवा.